सत्त्याहत्तर दिवस आणि पुढचे वर्ष

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात होते आणि निवडून आलेला माणूस शपथ घेतो २० जानेवारीला. १९३३ सालच्या विसाव्या घटनादुरुस्तीपूर्वी हा शपथविधी ४ मार्चला होत असे, म्हणजे मधला काळ चार महिन्यांचा होता. तो आता अडीच महिन्यांवर आला असला तरी त्याचे अवघडलेपण संपलेले नाही. जुना अध्यक्ष खुर्चीवर असतो, पण त्याच्या शब्दाचे वजन उतरलेले असते. नव्याच्या हातात कसलाही अधिकार नसतो, तरी जगाचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. बराक ओबामा ४ नोव्हेंबर २००८ रोजी निवडून आले. तेव्हापासून शपथविधीपर्यंतचे सत्त्याहत्तर दिवस आणि त्यापुढचे पहिले वर्ष हा जगाच्या लोकमताच्या अभ्यासातला फार बोलका तुकडा आहे. एखाद्या देशाचे परराष्ट्र धोरण आकाराला यायला वर्षे लागतात आणि लोकांना तेवढा धीर नसतो. धोरण दिसत नाही तोवर ते नव्या अध्यक्षाचे हस्तांदोलन वाचतात, त्याची मान किती झुकली ते मोजतात, त्याने काय भेट दिली आणि कशावर मौन पाळले याचा हिशेब ठेवतात. हे वाचन प्रत्येक समाज आपापल्या जुन्या अनुभवाच्या चष्म्यातून करतो.

ओबामांच्या बाबतीत हे वाचन निवडणुकीच्या आधीच सुरू झाले होते. २४ जुलै २००८ रोजी ते बर्लिनमध्ये विजयस्तंभापाशी बोलले तेव्हा समोर सुमारे २ लाख लोक होते. परदेशातल्या एका उमेदवाराला, ज्याला त्यांच्यातले बहुतेक जण मत देऊ शकत नव्हते, ऐकायला आलेली ही गर्दी होती. तिचे कारण ओबामांइतकेच तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश होते. मार्च २००३ मधील इराकवरील स्वारी, ग्वांतानामोची छावणी आणि अबू गरीबच्या तुरुंगातली छायाचित्रे यांनी युरोपात अमेरिकेचे नाव पार खाली आणले होते. प्यू संशोधन केंद्राच्या २००८ च्या पाहणीत अमेरिकेबद्दल चांगले मत असलेले जर्मन केवळ ३१ टक्के होते. इराक युद्धाला २००२ मध्येच शिकागोच्या सभेत विरोध करणारा माणूस त्यांना बुश यांचा उतारा वाटला, आणि या वाटण्याला त्या माणसाच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची फारशी गरज नव्हती. त्याच बर्लिनच्या भाषणात त्यांनी अफगाणिस्तानासाठी युरोपचे अधिक सैन्य मागितले होते. त्या मागणीकडे गर्दीने कानाडोळा केला.

निकालानंतर ओबामांच्या वडिलांच्या देशाने, केनियाने, ६ नोव्हेंबरला सार्वजनिक सुटी जाहीर केली. जपानच्या फुकुई प्रांतातल्या ओबामा नावाच्या छोट्या शहरात लोक नाचले. नावाच्या योगायोगापलीकडे त्यांचा या निवडणुकीशी काही संबंध नव्हता. इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांनी अभिनंदनाचे पत्र धाडले. १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेच्या नवनिर्वाचित अध्यक्षाला इराणच्या अध्यक्षाने केलेले हे पहिलेच अभिनंदन. रशियाचे मेदवेदेव यांनी मात्र निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कॅलिनिनग्राडमध्ये इस्कंदर क्षेपणास्त्रे बसवण्याची घोषणा केली. नव्या माणसाला जोखायची ही एक जुनी रीत आहे.

भारतातली प्रतिक्रिया या सगळ्यांपेक्षा वेगळी होती आणि तिच्याकडे बारकाईने पाहायला हवे. बुश यांच्याविषयी आपुलकी असणाऱ्या थोड्या देशांत भारत होता. सप्टेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मनमोहन सिंग यांनी बुश यांना भारतीय जनतेचे तुमच्यावर अतोनात प्रेम आहे, असे सांगितले होते. देशातल्या डाव्यांनी त्यावर टीकेची झोड उठवली, पण भारत-अमेरिका अणुकराराच्या संदर्भात ते बोलणे प्रामाणिक होते. १० ऑक्टोबर २००८ रोजी त्या करारावर सह्या झाल्या. याच कराराच्या कायद्यावर २००६ मध्ये सिनेटमध्ये चर्चा चालली असताना ओबामांनी भारताच्या अणुइंधनाच्या साठ्याला मर्यादा घालणारी सुधारणा आणली होती. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी ते लक्षात ठेवले होते. त्यात ऑक्टोबर २००८ मध्ये एका मुलाखतीत काश्मीरसाठी विशेष दूत नेमण्याचा विषय ओबामांनी काढला, तेव्हा साउथ ब्लॉकमध्ये अस्वस्थता पसरली. रस्त्यावरच्या माणसाची गोष्ट निराळी होती. ओबामांच्या सिनेट कार्यालयात गांधीजींचे चित्र आहे आणि ते खिशात हनुमानाची एक छोटीशी मूर्ती बाळगतात, एवढ्या दोन बातम्यांवर इथला सामान्य वाचक त्यांना आपला मानू लागला होता. एकाच देशात सरकार धास्तावलेले आणि लोक खूश, असे चित्र होते.

२६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. सीएसटीच्या फलाटांवर, कामा रुग्णालयाच्या गल्लीत, ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये २९ तारखेच्या सकाळपर्यंत तो चालला आणि १६६ माणसे मारली गेली. मृतांत सहा अमेरिकन होते. ओबामांनी निषेधाचे निवेदन काढले आणि मनमोहन सिंग यांच्याशी फोनवर बोलले, पण त्यापलीकडे जायचे टाळले. एका वेळी देशाला एकच अध्यक्ष असतो, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईत त्यावर फारशी तक्रार झाली नाही. त्या दिवसांतला राग पाकिस्तानावर आणि त्याहून अधिक आपल्याच राज्यकर्त्यांवर होता.

तक्रार झाली ती महिनाभराने, दुसरीकडून. २७ डिसेंबरला इस्रायलने गाझावर हवाई हल्ले सुरू केले. ओबामा त्या वेळी हवाईत कुटुंबासह सुटीवर होते. १८ जानेवारीला शस्त्रसंधी होईपर्यंत गाझात तेराशेहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले, इस्रायलचे १३ जण दगावले, आणि या जवळपास तीन आठवड्यांत नियोजित अध्यक्षांनी एकाच वेळी एकच अध्यक्ष हेच पालुपद चालू ठेवले. अरब वृत्तपत्रांनी नेमके बोट ठेवले ते मुंबईवर. मुंबईबद्दल हा माणूस बोलला, अर्थव्यवस्थेबद्दल रोज बोलतो, मग गाझाबद्दलच त्याची वाचा का बसते, हा त्यांचा प्रश्न होता. इस्रायलमध्ये दुसरेच आठवले जात होते: जुलै २००८ मध्ये रॉकेटांच्या माऱ्याखाली असलेल्या स्देरोत गावी ओबामा म्हणाले होते की माझ्या मुली झोपतात त्या घरावर कोणी रॉकेट टाकले तर ते थांबवायला मी जमेल ते सगळे करीन. एकाच माणसाचे मौन एका बाजूला संमती वाटली आणि दुसऱ्या बाजूला पाठिंबा. घटनेच्या दृष्टीने ओबामांची भूमिका निर्दोष होती. पण ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो आहे त्याला दुसऱ्या देशाच्या घटनेतला संधिकाल समजून घ्या असे कोणत्या तोंडाने सांगायचे? अरब जगातल्या पुढच्या निराशेचे बीज या तीन आठवड्यांत पडले.

शपथेनंतर दोन दिवसांनी, २२ जानेवारीला, ओबामांनी ग्वांतानामोची छावणी वर्षभरात बंद करण्याच्या आणि कैद्यांचा छळ थांबवण्याच्या आदेशांवर सही केली. अध्यक्ष म्हणून दूरचित्रवाणीला दिलेली त्यांची पहिली मुलाखत एखाद्या अमेरिकन वाहिनीला नव्हती, तेव्हा दुबईहून चालणाऱ्या अल अरेबियाला होती. युरोपात या दोन्हींचे मनापासून स्वागत झाले. मायदेशी मात्र वारे लवकरच फिरले. २० मे रोजी सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी छावणी बंद करण्यासाठीचा पैसा नाकारला, आणि त्या ९० मध्ये ओबामांच्याच पक्षाचे बहुतेक सदस्य होते. दहशतवादी कैदी आपल्या राज्यात आणून ठेवायला कोणाचाच मतदार तयार नव्हता. ग्वांतानामो बंद झाले नाही.

वसंत ऋतूत लोकांचे लक्ष वागणुकीकडे वळले. बुश यांच्या काळात ओव्हल ऑफिसमध्ये ब्रिटनने उसना दिलेला चर्चिलचा अर्धपुतळा होता. तो परत गेला, तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी त्यात ओबामांच्या वडिलांच्या केनियावरील ब्रिटिश सत्तेचा राग शोधला. मार्चमध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन वॉशिंग्टनला गेले ते गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या गॅनेट या जुन्या जहाजाच्या ओक लाकडातून कोरलेला पेनस्टँड घेऊन. पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षासाठी ती विचारपूर्वक निवडलेली भेट होती. परतभेट म्हणून त्यांना २५ अमेरिकन चित्रपटांच्या डीव्हीडी मिळाल्या. त्या अमेरिकी विभागासाठीच्या असल्याने ब्रिटनमधल्या यंत्रावर चालत नाहीत, अशीही बातमी आली. ब्रिटिश वृत्तपत्रांचा संताप वरवर पाहता पोरकट वाटतो. पण दोन महायुद्धांनंतर आपले अमेरिकेशी खास नाते आहे या एका कल्पनेवर ब्रिटनने आपले परराष्ट्र धोरण उभे केले होते, आणि ते नाते आता एकतर्फी उरले की काय ही भीती त्या डीव्हीडींच्या डब्यात सापडली.

२ एप्रिलला लंडनमध्ये जी-२० परिषद होती. तिथे सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला यांच्याशी हस्तांदोलन करताना ओबामा कमरेत वाकले, आणि ते चित्रफितीत आले. व्हाइट हाउसचा खुलासा असा, की अध्यक्ष उंच आहेत, राजे ठेंगणे आहेत आणि अध्यक्षांनी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केले म्हणून ते वाकल्यासारखे दिसले. चित्रफीत पाहिलेल्या कोणालाही हा खुलासा पटला नाही. मुजरा कोणी कोणाला करायचा आणि किती वाकून करायचा याचे नियम मराठी दरबारी रीतीत काटेकोर होते. वाकण्याच्या कोनात सत्तेची उतरंड असते हे इथल्या वाचकाला सांगावे लागत नाही. अमेरिकेचा जन्मच राजासमोर न वाकण्यातून झाला, अशी तिथल्या लोकांची स्वतःबद्दलची समजूत आहे. म्हणून ओबामांच्या विरोधकांना हे दृश्य झोंबले. चार वर्षांपूर्वी, एप्रिल २००५ मध्ये, टेक्सासमधल्या आपल्या शेतवाडीवर बुश यांनी त्याच अब्दुल्लांचा हात धरून त्यांना चालवत नेले होते, तेव्हा डाव्या बाजूने थट्टा झाली होती आणि उजवी बाजू गप्प होती. १४ नोव्हेंबर २००९ रोजी तोक्योच्या राजवाड्यात ओबामा सम्राट अकिहितोंपुढे अधिकच खोल वाकले, हात मिळवत असतानाच. जपानी रीतीत हस्तांदोलन आणि वाकणे एकाच वेळी होत नाही, त्यामुळे जाणकारांना त्यात अवघडलेपणा दिसला. अमेरिकेतला आक्षेप रीतीबद्दल नव्हता, दुसऱ्या महायुद्धातल्या शत्रूच्या वारसापुढे वाकण्याबद्दल होता. कोणती चूक कोणाला दिसते, हे त्याच्या स्मरणात कोणता इतिहास आहे त्यावर ठरते.

त्याच एप्रिलमध्ये स्ट्रासबुर्गच्या सभेत ओबामा म्हणाले की अमेरिका कधी कधी युरोपशी उद्धटपणे, तुच्छतेने वागली आहे. लगेच पुढे त्यांनी युरोपातल्या सोयीच्या अमेरिकाद्वेषावरही तितक्याच स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. युरोपने पहिला भाग ऐकून टाळ्या वाजवल्या. अमेरिकेतल्या विरोधकांनीही पहिलाच भाग ऐकला आणि या दौऱ्याला माफीनाम्याचा दौरा असे नाव ठेवले. ते नाव पुढे २०१२ च्या निवडणुकीपर्यंत वापरात राहिले. दुसरा भाग दोन्हीकडच्या श्रोत्यांच्या हाती लागलाच नाही. तीन दिवसांत ते प्रागला आणि अंकाराला जाऊन आले. प्रागच्या किल्ल्यासमोरच्या चौकात ५ एप्रिलला अण्वस्त्रमुक्त जगाची भाषा करायची ठरली होती, आणि नेमक्या त्याच पहाटे उत्तर कोरियाने लांब पल्ल्याचे रॉकेट सोडले. रशियाशी नव्याने सुरुवात करण्याच्या धोरणाची कथा छोटी आहे: परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जिनेव्हात रशियाच्या लावरोव यांना प्रतीकात्मक बटण भेट दिले, त्यावरचा रशियन शब्द चुकला होता आणि त्याचा अर्थ निघत होता अतिभार.

पोर्ट ऑफ स्पेनमधल्या अमेरिका खंडांतील देशांच्या शिखर परिषदेत व्हेनेझुएलाचे चावेझ यांनी ओबामांच्या हाती एदुआर्दो गालेआनो यांचे लॅटिन अमेरिकेच्या शोषणावरचे पुस्तक दिले आणि त्या पुस्तकाचा खप रातोरात उसळला. चावेझशी हसून हात मिळवल्याबद्दल मायदेशी टीका झाली तेव्हा ओबामांनी उत्तर दिले, की ज्या देशाचे संरक्षणाचे अंदाजपत्रक आपल्या सुमारे ६०० व्या हिश्शाएवढे आहे त्याच्याशी सभ्यपणे वागल्याने आपले काही बिघडत नाही.

या सगळ्या वर्षाचा कळस ४ जून २००९ ला कैरो विद्यापीठात झाला. मुस्लिम जगाला उद्देशून केलेल्या त्या भाषणाची सुरुवात ‘अस्सलामु अलैकुम’ने झाली आणि सभागृह दणाणले. कुराणातली वचने आली तेव्हा टाळ्या पडल्या, मधेच कोणीतरी ओरडून ‘आमचे तुमच्यावर प्रेम आहे’ असे सांगितले. ‘हिजाब’चा उच्चार ‘हाजिब’ असा झाला, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या इस्रायली वसाहतींचे चालू असलेले बांधकाम अमेरिकेला मान्य नाही, हे वाक्य अरब जगाने टिपून ठेवले. इस्रायलमध्ये तक्रार अशी, की अध्यक्ष कैरोला आले आणि शेजारी असूनही आमच्याकडे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेले, पण त्यामुळे आमच्या देशाचा हक्क केवळ ज्यूंच्या संहारावर उभा असल्यासारखे दिसले, असेही काहींना वाटले. कैरोच्या भाषणानंतर दहा दिवसांनी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी निःशस्त्र पॅलेस्टिनी राज्याला अटींसह होकार दिला. कैरोतल्या चहाच्या टपरीवरचा सूर मात्र सावध होता: बोलतो छान, आता करून दाखवू दे. तो सूर पाहण्यांतही उमटला. प्यूच्या २००९ च्या पाहणीत जर्मनीचा ३१ टक्क्यांचा आकडा ६४ वर, फ्रान्सचा ४२ वरून ७५ वर गेला. तुर्कस्तानात तो १२ वरून जेमतेम १४ झाला, पाकिस्तानात १९ वरून १६ वर उतरला. पाकिस्तानी माणसापर्यंत ओबामांचे भाषण पोचण्याआधी वझिरीस्तानवरच्या ड्रोनचा आवाज पोचत होता. अध्यक्ष बदलूनही ते हल्ले थांबले नव्हते, उलट वाढले होते.

इराणमध्ये या अपेक्षांना एक विलक्षण वळण मिळाले. मार्चमध्ये ओबामांनी नौरोझच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, शुभेच्छांची चित्रफीत पाठवली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी इराणचे सर्वोच्च नेते खामेनेई यांनी मशहदमध्ये सुनावले की आधी तुम्ही बदला. १२ जूनच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर तेहरानच्या रस्त्यांवर तरुणांचे रक्त सांडले, आणि अमेरिकेच्या पाठिंब्याने त्यांच्यावर परक्यांचे हस्तक असल्याचा शिक्का बसेल म्हणून ओबामा पहिले काही दिवस तोलून बोलत राहिले. नोव्हेंबरात निदर्शकांनी घोषणा दिली, ‘ओबामा, या बा ऊना, या बा मा’: ओबामा, एक तर त्यांच्याबरोबर या नाहीतर आमच्याबरोबर. फारसीत ‘ऊ बा मा’ म्हणजे ‘तो आमच्यासोबत’, असा त्या नावाचाच अर्थ लागतो. ज्या नावात लोकांनी वचन ऐकले होते, त्याच नावाने आता जाब विचारला जात होता.

पूर्व युरोपात उमेद लवकर विरली. जुलैमध्ये पोलंडचे माजी अध्यक्ष लेक वालेन्सा आणि चेक प्रजासत्ताकाचे माजी अध्यक्ष वात्स्लाव हावेल यांच्यासह बावीस जणांनी खुल्या पत्रात अमेरिका आपल्याला विसरत असल्याची खंत मांडली. १७ सप्टेंबरला पोलंड व चेक प्रजासत्ताकातल्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची जुनी योजना रद्द झाल्याचे जाहीर झाले. १९३९ मध्ये त्याच तारखेला सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या होत्या, हे वॉशिंग्टनमध्ये कोणाच्या ध्यानात आले नाही. पोलंडमध्ये मात्र ती तारीख पाठ्यपुस्तकात आहे.

९ ऑक्टोबरला ओस्लोच्या समितीने ओबामांना शांततेचे नोबेल जाहीर केले. या पुरस्काराच्या नामांकनाची मुदत १ फेब्रुवारीला, म्हणजे शपथविधीनंतर बाराव्या दिवशी, संपली होती. आयुष्याची उमेदीची वर्षे लढून हेच पारितोषिक मिळवलेल्या वालेन्सांना ते इतक्या लवकर दिले गेल्याचे आश्चर्य वाटले, आणि ते आश्चर्य जगभरच्या संपादकीयांतही दिसले. ओबामांनी पुरस्काराची सगळी रक्कम धर्मादाय कामांना दिली. १ डिसेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि नवव्या दिवशी ओस्लोत पारितोषिक स्वीकारताना युद्ध कधी न्याय्य ठरते यावर भाषण केले. पुरस्कार देणाऱ्यांनाही आपण कशाला बक्षीस दिले हे त्या दिवशी समजले असावे. जे मिळाले ते कर्तृत्वाला नव्हते, बुश गेल्याच्या समाधानाला होते.

भारताची धास्ती वर्षभरात बरीचशी खरी ठरली नाही. जानेवारीत विशेष दूत म्हणून रिचर्ड होलब्रुक यांची नेमणूक झाली ती अफगाणिस्तान आणि पाकिस्तानसाठी. दिल्लीच्या हालचालींनंतर काश्मीर त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. मे महिन्यात परदेशी काम पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलतींवर बोलताना ओबामांनी अमेरिकेतल्या बफेलोच्या जोडीला बंगळुरूचे नाव घेतले आणि पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत त्याची दिवसभर चर्चा झाली. नोव्हेंबरात बीजिंगच्या संयुक्त निवेदनात दक्षिण आशियातल्या शांततेसाठी चीन व अमेरिकेने मिळून काम करण्याची ओळ आली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने तिसऱ्या कोणाची गरज नाही असे ठणकावले. आठवड्याच्या आत, २४ नोव्हेंबरला, ओबामांच्या कारकिर्दीतली पहिली राजकीय मेजवानी मनमोहन सिंग यांना मिळाली आणि राग निवळला.

या प्रतिक्रियांचा शेवटचा अंक मुंबईत सुरू झाला. ६ नोव्हेंबर २०१० ला ओबामा येण्याआधी, व्यवस्थेची माहिती असलेल्या महाराष्ट्र सरकारमधल्या एका अनाम अधिकाऱ्याच्या नावावर एक आकडा छापला गेला: दौऱ्याचा खर्च रोज २० कोटी डॉलर. अमेरिकेत विरोधकांनी तो उचलला, त्यात ३४ युद्धनौकांच्या बातमीची भर पडली, आणि खर्चाचा आकडा निराधार असल्याचे व्हाइट हाउसला, तर युद्धनौकांची बातमी निराधार असल्याचे पेंटॅगॉनला सांगावे लागले. गावदेवीत गांधीजींचे वास्तव्य असलेल्या मणिभवनच्या परिसरातल्या माडांवरचे नारळ आधीच उतरवून ठेवले होते, पाहुण्यांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ज्या घरात राहिले होते, त्या घराच्या अभिप्राय-वहीत ओबामांनी लिहिले. ताजमध्ये ते २६/११ च्या मृतांबद्दल मनापासून बोलले, पण पाकिस्तानचे नाव त्यांनी घेतले नाही, आणि संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर तेवढेच चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याच्या शाळेत मुलांनी कोळीनृत्य केले, अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी मिशेल मुलांत मिसळून नाचले. मग सेंट झेवियर्स महाविद्यालयात एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, की अमेरिका पाकिस्तानला दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही. ओबामा म्हणाले की हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होते. मग त्यांनी लांबलचक, जपून उत्तर दिले. ८ तारखेला दिल्लीत संसदेत त्यांनी पाकिस्तानातल्या दहशतवाद्यांच्या आश्रयस्थानांचा स्पष्ट उल्लेख केला आणि सुरक्षा परिषदेत भारताच्या कायम जागेला पाठिंबा जाहीर केला. खासदारांच्या टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.